‘गोव्याला समुद्राचं भय नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

मे महिना आला की गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर हटकून फिरतो. ऑक्टोबरात तोच पुन्हा उगवतो. ज्यांना तो आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गोव्यावर चक्रीवादळ कधी धडकत नाही, ती सगळी गुजरातला नाहीतर ओमानला जातात. सुनामी हा पूर्व किनाऱ्याचा विषय. जहाजं बुडणं, तेल सांडणं ही मुंबई-कोचीची डोकेदुखी. हवामान खातं लाल इशारे देऊन उगाच पर्यटक पळवतं. आणि वेळ आलीच तर नौदल, तटरक्षक दल, किनाऱ्यावरचे जीवरक्षक आहेतच. शेवटी ‘परशुरामाची भूमी आहे, निश्चिंत राहा’ आणि जोडलेले हात.

परशुरामाचं आधी आटपतो. त्याने समुद्राला मागे हटवलं, हे कबूल. आपण मात्र वाळूच्या टेकड्या सपाट करून, केवड्याची बनं तोडून आपणहून समुद्राच्या अंगणात जाऊन बसलो आहोत. त्यात त्याची काही जबाबदारी नाही.

आता मुद्द्यावर येऊ.

‘वादळ गोव्यावर धडकत नाही, पुढे निघून जातं’

या मजकुरातलं सगळ्यांत फसवं वाक्य हेच, कारण ते अर्धं खरं आहे. फयान, ओखी, क्यार, निसर्ग, तौक्ते, बिपरजॉय या अलीकडच्या वादळांपैकी एकाचाही डोळा, म्हणजे मध्य, गोव्याच्या जमिनीवर आला नाही. पण वादळ म्हणजे नुसता डोळा नव्हे.

तौक्तेचंच घ्या. १६ मे २०२१ रोजी ते गोव्यासमोरून उत्तरेकडे गेलं आणि १७ तारखेच्या रात्री गुजरातेत, दीव-उनाच्या पट्ट्यात जमिनीवर चढलं. गोव्यापासून त्याचा मध्य शंभरहून अधिक किलोमीटर दूर समुद्रात होता. तरीही राज्यात दोघांचे जीव गेले. माड, आंबे, फणस उन्मळून घरांवर आणि तारांवर पडले, विजेचे खांब रस्त्यात आडवे झाले. दिवस कोविडच्या दुसऱ्या लाटेचे होते आणि बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, खाट मिळणं मुश्कील होतं. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की नळ कोरडा, टॉवरची बॅटरी उतरली की मोबाईल मुका. कित्येक गावांत वीज यायला काही दिवस लागले. एवढं सोसलेल्या माणसाला ‘वादळ आपल्याकडे आलंच नव्हतं’ असं तोंडावर सांगून बघा.

यामागे साधं गणित आहे. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. वादळ आपल्या पश्चिमेकडून उत्तरेला जात असेल तेव्हा आपण त्याच्या उजव्या हाताला असतो. त्या बाजूला वारा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो आणि वादळाचा स्वतःचा वेग त्यात मिसळतो. म्हणजे बाहेरून निघून जाणारं वादळ आपल्याला त्याची जास्त जोराची बाजू दाखवत जातं. ‘पुढे गेलं’ हा दिलासा गोव्यापुरता फार पातळ आहे.

लाटांना तर वादळ जवळ असण्याचीही गरज नसते. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी गोव्यापासून शेकडो किलोमीटर दूर होतं. वर आकाश निरभ्र असलं तरी काय झालं? पौर्णिमेची मोठी भरती आणि ओखीच्या लाटा एकाच वेळी आल्या, आणि केरी, मोरजीपासून किनाऱ्यावरच्या शॅकांत, म्हणजे वाळूवरच्या तात्पुरत्या खानावळींत, पाणी घुसलं. खुर्च्या, फ्रीज, लाकडी फळ्या वाहून गेल्या. धंद्याचे दिवस होते, शॅकवाल्यांनी नुकतंच सगळं उभं केलं होतं.

आणखी एक गोष्ट या मजकुराच्या लेखकाच्या गावीही नाही, ती म्हणजे वेळ. ऐन पावसाळ्यात अरबी समुद्रात वादळं क्वचित होतात, कारण मान्सूनचे खालचे आणि वरचे वारे वेगळ्या दिशांनी वाहतात आणि वादळाचा खांब उभा राहू देत नाहीत. वादळं होतात ती पावसाळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे: मे, जूनचा पहिला पंधरवडा, मग ऑक्टोबर ते डिसेंबर. गोव्यात मासेमारीबंदी असते १ जून ते ३१ जुलै. म्हणजे वादळाच्या बहुतेक दिवसांत मालीम, कुटबण, खारीवाडा इथले ट्रॉलर समुद्रात असतात आणि किनारे पर्यटकांनी भरलेले असतात.

शिवाय ‘आजवर झालं नाही’ हा हिशेब जुन्या समुद्राचा आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली दाखवून दिलं की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. कारण पाणी तापतंय. एकट्या २०१९ मध्ये इथे पाच चक्रीवादळं झाली, आणि त्यातली क्यार व महा ही दोन एकाच वेळी समुद्रात होती.

‘पणजी नदीच्या आत आहे, तिला काय होणार’

हे वाक्य काही गटांत पुरवणी म्हणून येतं. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये बाहेरून मुंबई-अलिबागकडे गेलं, तेव्हा पणजीसमोर मांडवीपलीकडे वेरे इथे लावलेल्या मापकावर पाण्याची पातळी नेहमीच्या भरतीपेक्षा चढलेली नोंदली गेली. नदीच्या मुखातून समुद्र आत येतो, यात नवल नाही. पणजीचा बराच भाग भराव घालून उभा आहे. मळा, पाटो, सांतिनेजच्या नाल्याकाठचा परिसर यांतलं पावसाचं पाणी ओहोटीलाच नीट बाहेर जातं. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की गटारं उलटी भरतात. पणजीतल्या अठरा जून रस्त्यावरच्या दुकानदाराला यासाठी कुठला अहवाल वाचावा लागत नाही.

जुन्या लोकांनी यावर उपाय केला होता. खाजनांच्या, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनींच्या, बांधात मानशी असते: भरतीच्या दाबाने आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी लाकडी दारं. खारं पाणी बाहेर, गोडं पाणी आत, आणि पुराला पसरायला मोकळी जागा. ती दारं सडली, मासळीच्या हव्यासापोटी उघडी ठेवली, किंवा खाजनच भरून टाकलं, की तेच पाणी वाड्यात शिरतं. आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकांत बोटींवर आणि वायरलेसवर बोलणं होतं. मानशीच्या दारांवर क्वचितच.

‘सुनामी पूर्वेला’

शक्यता कमी, हे मान्य. शून्य नव्हे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे आताच्या पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यालगत मोठा भूकंप झाला आणि सकाळी मुंबईत सुमारे दोन मीटरची लाट आली, माणसं बुडाली. २६ डिसेंबर २००४ ची सुनामी श्रीलंकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर आली, केरळात दीडशेहून अधिक माणसं गेली, आणि मुरगाव बंदरातल्या भरतीमापकावरही तिची नोंद आहे. हैदराबादचं इन्कॉइस हे समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र २००७ पासून सुनामीचा इशारा देतं आणि मकरानहून लाट यायला काही तास लागतात, म्हणून इशारा वेळेत मिळेल. तो मध्यरात्री बागा किनाऱ्यावर संगीताच्या आवाजात उभ्या माणसापर्यंत कोण पोचवणार, एवढाच प्रश्न उरतो.

‘जहाजं, तेल हे मुंबई-कोचीचं’

इथे मात्र मला लेखकाच्या विसरभोळेपणाचं कौतुक वाटतं. जून २००० मध्ये कांदोळीला रिव्हर प्रिन्सेस ही मालवाहू नौका रुतली आणि बारा वर्षं तिथेच गंजत पडून राहिली. एक पिढी ती बघत मोठी झाली. तिच्यामुळे वाळूची ये-जा बिघडली आणि शेजारचा किनारा खचत गेला. ठेके निघाले, मुदती गेल्या, कोर्टकज्जे झाले. जुलै २०१७ मध्ये लकी सेव्हन नावाचं कॅसिनो जहाज मिरामारच्या वाळूत येऊन बसलं. मांडवीच्या मुखावरचा वाळूचा बांध पावसाळ्यात किती धोक्याचा, हे जुन्या खलाशांना ठाऊक होतं. त्या दिवसांत खनिजाचे बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटी, मुखातून बाहेर न जाता कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत.

आणि नु शी नलिनी. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुरगावला उभ्या असलेल्या या टँकरमध्ये दोन हजार टनांहून अधिक नाफ्था होता आणि खलाशी एकही नव्हता. क्यारच्या वाऱ्याने ते ओढलं गेलं आणि दोना पावलाच्या खडकांवर, राजभवनाच्या खालच्या बाजूला, येऊन टेकलं. नाफ्था पेट्रोलसारखा झटकन पेट घेतो आणि त्याची वाफ हवेत पसरते. टाकी फुटली नाही हे आपलं दैव. त्याच दोना पावलावर देशाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, आणि तिच्या हाकेच्या अंतरावर बिनखलाशाचं जहाज कित्येक दिवस पडून होतं. तो नाफ्था उपसायला काही आठवडे लागले. क्यारही ‘गोव्यावर धडकलं नव्हतं’, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

तेव्हापासून जहाजांची वर्दळ कमी झालेली नाही. जुलै २०२४ मध्ये मेर्स्क फ्रँकफर्ट या कंटेनर जहाजाला गोवा-कारवारच्या बाहेर आग लागली, एक खलाशी दगावला, आणि भर पावसाळ्यात तटरक्षक दल दिवसेंदिवस ती विझवत होतं. मे २०२५ मध्ये एमएससी एल्सा ३ केरळबाहेर बुडालं, तर प्लॅस्टिकचे दाणे तिथल्या किनाऱ्यांवर पसरले. ते दाणे हाताने वेचावे लागतात, दुसरा मार्ग नाही. आपल्याकडे मे महिन्यात तळपायाला चिकटणारे डांबराचे गोळे याच कुळातले. तेही बाहेरच्या जहाजांतून आणि तेलक्षेत्रांतून येतात.

‘लाल इशारे खोटे निघतात’

तौक्ते गुजरातकडे जाणार हे खात्याने आधीच सांगितलं होतं, आणि ते तिकडेच गेलं. ‘गोव्यावर नाही आलं, म्हणजे अंदाज चुकला’ म्हणणाऱ्याने तो अंदाज वाचलेलाच नसतो. दुसरा घोटाळा रंगांचा. पावसाचा लाल इशारा सत्तरी-सांगेच्या डोंगरांसाठीही असू शकतो. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिप्रचंड. लाटांची उंची आणि उधाण हे वेगळ्या पत्रकात असतं, ते इन्कॉइस काढतं. पणजीत ऊन पडलं म्हणून कोलव्याचा समुद्र शांत आहे, असं मुळीच नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की खारवी होडी ओढून वर घेतो. ढग आले की नाही हे बघत बसत नाही. शॅकवाल्याने आणि हॉटेलवाल्यानेही हेच शिकायला हवं. एक दिवस धंदा बुडाला तर बुडाला.

‘नौदल आहे, तटरक्षक आहेत, जीवरक्षक आहेत’

आहेत, आणि उत्तम आहेत. २००८ पासून जीवरक्षकांनी किनाऱ्यावर किती माणसं ओढून काढली, हे गोव्याला माहीत आहे. २५ डिसेंबर २०२४ रोजी कळंगुटला पर्यटकांची बोट उलटली, तेव्हा वीस जणांना वाचवण्यात यश आलं. एक गेला. लख्ख दिवस, किनारा समोर, माणसं मदतीला, तरी एक गेलाच. आता हीच बोट रात्री, वाऱ्यात, जीवरक्षक घरी गेल्यावर उलटली असती तर?

याहून मोठा पुरावा तौक्तेच्याच दिवसांतला आहे. मुंबईबाहेर पी ३०५ हे निवासी बार्ज नांगर तुटून भरकटलं आणि बुडालं. नौदलाच्या युद्धनौका, विमानं, हेलिकॉप्टरं सगळं तिथे होतं, खवळलेल्या समुद्रात त्यांनी दीडशेहून अधिक माणसं काढली. तरीही सत्तरहून अधिक गेली. देशात याहून मोठी मदत नाही. बार्ज बंदरात असतं तर ती लागलीच नसती, आणि इशारा आधी दिलेला होता.

जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात गोवा होता. त्यातून निवारे, इशारा देणारे मनोरे, भूमिगत वीजवाहिन्या अशी कामं हाती घेतली गेली. ‘आपत्ती मित्र’ स्वयंसेवकांना प्रशिक्षण मिळालं. म्हणजे सरकारने तरी ‘परशुरामाची भूमी’ एवढ्यावर भागवलेलं नाही. पण खांब पडून रस्ता बंद असतो तेव्हा पहिले काही तास पणजीहून कोणी येत नाही, करवत शेजारच्याच घरातून आणावी लागते.

फॉरवर्ड पाठवणाऱ्यांना एकच विनंती. पुढच्या ग्रामसभेला जा आणि विचारा: आपल्या गावाचा निवारा कुठला, त्याची किल्ली रात्री कोणाकडे असते, भोंगा शेवटचा कधी वाजवून बघितला, बिछान्याला खिळलेली माणसं कुठल्या घरांत आहेत आणि त्यांना उचलायला कोण येणार. उत्तरं मिळाली तर तीच गटावर टाका. सोबत तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांकही टाका, समुद्रात अडकलेल्यांसाठी तो थेट चालतो.