गुरुजी, आधी लिंक भरा

परवा ऐन शाळेच्या वेळेत 'अध्यापनात एआयचा वापर' असं ऑनलाइन प्रशिक्षण झालं. सक्तीचं. यूट्यूब लाइव्ह, आणि मधेच केव्हातरी उपस्थितीची लिंक येणार ती तिथल्या तिथे भरायची. आमची शाळा द्विशिक्षकी, त्यात मॅडम बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या कामाला. म्हणजे पहिली ते चौथी, मोबाईल आणि मी. त्यातून जे ज्ञान मिळालं ते नवीन लागलेल्या शिक्षकांना फुकट वाटतोय.

मोबाईल भारीतला घ्या, स्वतःच्या पगारातून. नेटपॅकही स्वतःचाच मारा, शासन खंबीरपणे पाठीशी आहे.

स्मार्ट टीव्हीला लोकवर्गणी मिळते, लाइट बिलाला मिळत नाही. सबब टीव्हीला छानसं कव्हर शिवून घ्या.

उपक्रमाचा फोटो आधी काढा. वेळ उरला तर उपक्रम घ्या.

टाचण, म्हणजे रोज काय शिकवणार त्याची वही, एआयकडून लिहून घ्या, साहेबांचा शेराही हल्ली तिथूनच येतो.

पोरांच्या नावांकडे मात्र जिवापाड लक्ष द्या. अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, काढायचा तर शाळेतलं नाव, युडायस या सरकारी पोर्टलवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळायला पाहिजे, आणि आधारवाल्याने ज्ञानेश्वरचं स्पेलिंग त्याच्या मनाला येईल तसं हाणलेलं असतं. दुरुस्तीला तालुक्याला जायचं, नेणार कोण, आईबाप ऊसतोडीला, पोरगं आजीकडे, आजीला गुडघे धरून उठता येत नाही, आणि गेलंच कुणी तर सर्व्हर डाऊन. बरं, आधार व्हॅलिड नाही झालं तर संच मान्यतेत, म्हणजे पोरं मोजून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, ते पोरगं धरायचंच नाही म्हणे! अरे, समोर मांडी घालून बसलंय ते, दुपारी दोनदा खिचडी मागून घेतं, वर्गात सगळ्यात जास्त दंगा त्याचा, आणि कागदावर ते नाहीच? मग पट कमी, मग पद कमी, मग उरलेल्या एका मास्तरला तुम्ही एआय शिकवणार!

त्या दिवशी तज्ज्ञ सर एका क्लिकवर प्रश्नपत्रिका काढून दाखवत होते तेव्हा तिसरीतली एक पोरगी पाटी घेऊन आली. 52 वजा 28, उत्तर 36. दोनातून आठ जात नाहीत म्हणून तिने आठातून दोन काढले. तिच्याजवळ बसून काड्यांचा दहाचा गठ्ठा सोडून दाखवला की तिला कळतं, पण तेवढ्यात लिंक आली.

बास झालं. एआयशी माझं वाकडं नाही. डिसले गुरुजींनी परितेवाडीत पुस्तकांना क्यूआर कोड लावले, 2020 ला ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, पण ते वर्गातल्या मास्तरला सुचलेलं होतं, वरून लिंक आली म्हणून केलेलं नव्हतं. तुमचं एआय एवढं हुशार आहे ना साहेब, मग एकाच पोराची तीच माहिती एकदा युडायसला आणि वर परत 'अर्जंट, आजच' म्हणून एक्सेलमध्ये आम्हाला का भरायला लावता? ते काम द्या की त्याला. ते होत नसेल तर निदान अकरा ते पाच लिंका पाठवू नका.

आणि ग्रुपवर 'अतिशय उपयुक्त प्रशिक्षण, धन्यवाद सर' टाकणाऱ्यांनो, जरा लाज वाटू द्या. तुमचाही मोबाईल आवाज बंद करून खिडकीतच ठेवलेला होता.