‘माणूस मध्ये राहणारच नाही’: कृत्रिम बुद्धिमत्ता आणि ह्यूमन फॅक्टर्सच्या अभ्यासाविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

पदवीचे निकाल लागले की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा सारांश असा: कृत्रिम बुद्धिमत्तेत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे तर निव्वळ कोडिंग शिकावे, तिला ह्यूमन फॅक्टर्सची, म्हणजे यंत्राबरोबर काम करणाऱ्या माणसाच्या अभ्यासाची, जोड देण्यात पैसा वाया जातो, कारण लवकरच यंत्रच सगळे करील आणि माणूस मध्ये राहणारच नाही. शिवाय हा विषय म्हणजे साधे व्यवहारज्ञान, त्यात गणित नाही, आणि कोकणात त्याचा काडीचा उपयोग नाही. असा संदेश वाचून एखाद्या मुलीने वा मुलाने आपली निवड बदलावी हे मला पटत नाही, म्हणून त्यातील एकेक विधान तपासतो.

‘माणूस मध्ये राहणारच नाही’ हे पहिले विधान नवे नाही आणि त्याचे उत्तरही जुने आहे. लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ साली ‘ऑटोमॅटिका’ या नियतकालिकात दाखवून दिले की स्वयंचलन कामातला सोपा भाग उचलते आणि रचनाकाराला जे जमले नाही ते माणसावर सोडते. वर, रोजचा सराव तुटल्यामुळे ऐन संकटात लागणारे कौशल्यही त्याच्यापाशी उरत नाही. रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानात १ जून २००९ रोजी हेच घडले. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फाचे कण अडकले, स्वयंचलित चालक आपोआप बंद पडला, आणि अचानक हाती आलेले विमान वैमानिकांना सावरता आले नाही. त्यात २२८ जणांचा मृत्यू झाला.

‘देखरेखीला एक माणूस बसवला की झाले’ असे यावर सांगितले जाते. १८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतील टेम्पी शहरात उबरच्या चाचणी मोटारीने रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला धडक दिली, तेव्हा मोटारीत असा माणूस होताच. यंत्रणेला ती स्त्री धडकेच्या पाचाहून अधिक सेकंद आधी दिसली होती, पण ती वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, याविषयीचा यंत्रणेचा निर्णय सारखा बदलत राहिला, आणि देखरेख करणारी व्यक्ती त्या वेळी फोनच्या पडद्याकडे पाहत होती. तिचा निष्काळजीपणा खरा. परंतु क्वचितच काही घडते अशा गोष्टीवर माणूस फार वेळ लक्ष ठेवू शकत नाही, हे मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडारवर काम करणाऱ्यांच्या प्रश्नातून सुरू केलेल्या प्रयोगांतून १९४८ सालीच दाखवले होते. पहिल्या अर्ध्या तासातच खुणा नजरेतून सुटू लागतात. हे माहीत असूनही तशीच रचना करणाऱ्याला दोषातून सोडवता येणार नाही.

‘हे व्यवहारज्ञान आहे’ या विधानाला दुसऱ्या महायुद्धातील एक उदाहरण पुरेसे आहे. बी-१७ ही अमेरिकी बॉम्बफेकी विमाने उतरल्यावर वैमानिक पंखांच्या झडपांऐवजी चाके आत घेत आणि धडधाकट विमान धावपट्टीवर पोटावर बसे. वैमानिकांना अधिक काळजी घेण्यास सांगणे, हेच व्यवहारज्ञान सुचवते. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चॅपॅनिस यांनी वैमानिकाच्या कक्षात पाहणी केली, तेव्हा दोन्ही दांडे शेजारी-शेजारी आणि सारख्याच आकाराचे आढळले. त्यांनी एका दांड्याच्या टोकाला चाकाचा आणि दुसऱ्याच्या टोकाला पाचरीचा आकार दिला आणि ही चूक थांबली.

गणित नसल्याचा आरोप मला सर्वांत चुकीचा वाटतो, कारण मशीन लर्निंगचा, म्हणजे यंत्राला उदाहरणांवरून शिकवण्याच्या शास्त्राचा, प्रत्येक विद्यार्थी जो आरओसी वक्र (खऱ्या आणि खोट्या खुणांचा तोल दाखवणारा आलेख) काढतो, त्याचा उगम रडारचे संकेत ओळखण्याच्या प्रश्नात आहे आणि मानसशास्त्रज्ञांच्या संकेत-ओळख सिद्धांतातून तो पुढे वैद्यकात आणि संगणकशास्त्रात आला. छातीच्या क्ष-किरण चित्रांतून क्षयरोगाचा संशय टिपण्यासाठी संगणकीय वाचनाची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली केली. समजा, एका तालुक्यात १,००० जणांची तपासणी झाली, त्यांत १० जणांना रोग आहे, यंत्र त्यांतले ९ पकडते आणि उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी दहा टक्क्यांवर, म्हणजे ९९ जणांवर, चुकीची खूण करते. एकूण खुणा १०८, त्यांत खऱ्या ९, बारांत एक. इथवरचे गणित संगणकशास्त्राचा विद्यार्थी करील. परंतु बारांतल्या अकरा खुणा खोट्या निघताना पाहणारी आरोग्यसेविका तीन महिन्यांनी बाराव्या खुणेकडे किती गांभीर्याने पाहील, आणि म्हणून संशयाची मर्यादा कुठे ठेवावी, हा प्रश्न तितकाच गणिती असून त्याचे उत्तर माणसांवर नीट आखलेल्या प्रयोगांतूनच मिळते.

आता कोकणाविषयी. कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळ्या वेळापत्रकाने धावते. रात्रंदिवस गस्त घालणारे कर्मचारी रूळ तपासतात. सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रणा आहे, रत्नागिरीजवळच्या पानवल पुलावर वाऱ्याचा वेग मोजला जातो, आणि जोराच्या पावसात दिसेनासे झाले की लोको पायलटने, म्हणजे इंजिनचालकाने, ताशी ४० किलोमीटरपर्यंत वेग उतरवायचा असतो. वैभववाडीजवळ २२ जून २००३ च्या रात्री दरड कोसळून झालेल्या अपघातात पन्नासहून अधिक प्रवासी गेले. या सगळ्या खबरदारीचे मोल कोकणी माणसाला सांगावे लागत नाही. उद्या या मार्गावर दरड ओळखणारे कॅमेरे बसले, तर इशारा आधी कोणाला जावा, स्टेशन मास्तरला की थेट लोको पायलटला? धुक्यामुळे, हलणाऱ्या फांद्यांमुळे एका रात्रीत किती खोटे इशारे चालतील? कॅमेऱ्याने ‘मार्ग मोकळा’ म्हटल्यावर गस्तवाल्याची नजर पूर्वीइतकीच तीक्ष्ण राहील का? यांपैकी एकही प्रश्न मॉडेलची अचूकता वाढवून सुटत नाही.

समुद्रावरही हेच आहे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांनी टिपलेल्या पाण्याच्या तापमानावरून आणि हरितद्रव्यावरून मासळी मिळण्याची संभाव्य क्षेत्रे कळवते, हवामान खाते वादळाचा इशारा देते, बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो. मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या बंदरातल्या तांडेलाला, म्हणजे मच्छीमार होडीच्या प्रमुखाला, त्या क्षणी डिझेलचा खर्च, बर्फ, खलाशांची मजुरी आणि मागच्या वेळी फुकट गेलेला इशारा हे सर्व एकदम तोलायचे असते. राजा परशुरामन आणि व्हिक्टर रायली या स्वयंचलनाच्या अभ्यासकांनी १९९७ साली यंत्रावर नको तितका विसंबणे आणि उपयोगी यंत्रही टाकून देणे असे दोन दोष वेगळे दाखवले. खोट्या इशाऱ्यांनी कंटाळलेला तांडेल दुसऱ्या दोषाकडे ढकलला जातो, आणि त्याला अडाणी ठरवण्यापेक्षा इशारा किती किनाऱ्यासाठी, किती तासांसाठी आणि कोणत्या शब्दांत द्यावा हे अभ्यासणे आपले काम आहे. हा अभ्यास करायला जेट्टीवर ज्याला सहज बोलता येते असा इथला विद्यार्थी अधिक योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

खर्चाविषयीचे विधान मात्र अर्धे खरे आहे. कर्ज काढून परदेशी वर्षभराची पदवी घेणे प्रत्येकाला परवडणारे नाही. परंतु तोच एक मार्ग नाही. आयआयटी मुंबईचे आयडीसी हे डिझाइन शिकवणारे केंद्र १९६९ पासून आहे आणि तिथल्या एम.डेस. या डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीसाठी सीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आयआयटी गांधीनगरमध्ये संज्ञानात्मक विज्ञानाची, म्हणजे माणूस कसा विचार करतो आणि शिकतो याच्या शास्त्राची, एम.एससी. आहे; २०२४ पासून एम.टेक.च्या गेट या प्रवेश परीक्षेत डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा स्वतंत्र पेपर आहे, आणि त्या वाटेने एम.टेक.ला जाऊन प्रबंधासाठी माणूस-यंत्र संबंधांचा विषय मागता येतो. प्रवेशापूर्वी संस्थेला तीन गोष्टी विचाराव्यात: प्रयोगांची आखणी आणि संख्याशास्त्र सक्तीचे आहे का, माणसांवरील प्रयोगांना मान्यता देणारी नीतिसमिती आहे का, आणि प्रबंधासाठी प्रत्यक्ष काम करणाऱ्या लोकांमध्ये जावे लागते का. तिन्हींची उत्तरे नकारार्थी असतील, तर नाव कितीही आकर्षक असले तरी तिथे शुल्क भरू नये.