आशाताई आईला मार्क देत नाहीत

सोलापुरात, विशेषतः पूर्व भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘आशाताई घरी येऊन आई बाळाशी कशी वागते ते लिहून घेतात. नापास झाल्यास रेशन बंद, बाळ संस्थेत.’ हे खोटं आहे.

मूल ताब्यात घेण्याचा अधिकार आशाताईंना नाहीच. तसा निर्णय २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली बाल कल्याण समिती घेते. रेशनचा तर इथे संबंधच नाही.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. लिहून घेतात ते वजन, अंगावरचं दूध, लसी आणि बाळ हसतं का, आवाजाकडे वळतं का. बाळ मागे वाटलं तर दवाखान्यात दाखवायला सांगतात.

आईशी गप्पा होतात त्या खेळाच्या. वाटी-चमचा वाजवा, बाळानं ‘आँ’ केलं की तुम्हीही ‘आँ’ करा. विड्या वळतानाही बोलता येतं, फक्त तंबाखूचं सूप बाळापासून लांब ठेवा. आणि घरात तेलुगू असेल तर तेलुगूतच बोला.

याचा उपयोग काय? जमैकात १९८६-८७ मध्ये खुरटलेल्या मुलांच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला जाऊन आयांना असेच खेळ शिकवले. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, भेटी न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त भरली. आपल्याकडच्या भेटी एवढ्या दाट नाहीत, तेव्हा तोच आकडा इथे मिरवू नये.

शंका असेल तर आशाताईंनाच वही दाखवायला सांगा.