डिनायलचं पत्र फेकू नका

गेल्या शनिवारी एका बारशाला जुनी मैत्रीण भेटली. बोलता बोलता मायग्रेनचा विषय निघाला. तिच्या डॉक्टरांनी तिला महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं होतं, पण इन्शुरन्सने ते नाकारल्याचं पत्र (डिनायल) पाठवलं. मी विचारलं, मग पुढे काय केलंस? ती म्हणाली, "काय करणार? मग राहिलंच ते."

ते "राहिलंच ते" तीन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे लिहितेय. थोडं लांब झालंय. अमेरिकेत राहणाऱ्या आणि डोकं धरून बसणाऱ्या प्रत्येकीने (आणि प्रत्येकाने) शेवटपर्यंत वाचावं अशी मनापासून विनंती.

माझं मायग्रेन सांगलीत अकरावी-बारावीत सुरू झालं. घरात त्याला पित्त म्हणायचे. आई सुंठ उगाळून कपाळाला लेप लावायची. आत्या पहाटे उठवून दूध-जिलेबी द्यायची, कारण अर्धशिशीवर ती सूर्योदयाच्या आधी खावी लागते. त्या मायेबद्दल मला आजही काही वाईट म्हणायचं नाही. पण हा मेंदूचा आजार आहे, पित्ताचा नाही, हे कळायला माझी दहा वर्षं गेली.

लग्नानंतर न्यू जर्सीला आले, मुलगी झाली आणि दुखणं वाढलं. पूर्वी महिन्यातून चारदा दुखायचं, आता महिन्याचे सतरा दिवस दुखू लागलं. महिन्यात 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल, त्यातले किमान 8 दिवस मायग्रेनचे असतील आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. आमच्या घरात त्याचा अर्थ असा होता की सहा वर्षांची मुलगी फ्रिजचं दार अर्धंच उघडायची, आतल्या दिव्याचा उजेड माझ्या खोलीत पडू नये म्हणून. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं.

आता औषधाबद्दल. मायग्रेनच्या वेळी सीजीआरपी नावाचं एक प्रथिन शरीरात वाढतं, आणि हे इंजेक्शन नेमकं त्यालाच अडवतं. असं पहिलं औषध, एरेनुमॅब, इथे मे 2018 मध्ये मंजूर झालं. त्याआधी मायग्रेन येऊ नये म्हणून जी औषधं दिली जायची ती बहुतेक दुसऱ्याच आजारांसाठी निघालेली होती: टोपिरामेट फिट्सचं, प्रोप्रानोलॉल ब्लडप्रेशरचं, अमिट्रिप्टिलीन डिप्रेशनचं. एरेनुमॅब आलं तेव्हा त्याची छापील किंमत वर्षाला 6,900 डॉलर होती. इन्शुरन्सचा हात आखडतो तो इथेच.

हात आखडण्याच्या पद्धतीला स्टेप थेरपी म्हणतात. आधी स्वस्त औषधं घ्या, त्यांचा उपयोग झाला नाही तर महागाचं मागा. एका मर्यादेपर्यंत मला हे मान्यही आहे. टोपिरामेटने बरं वाटलेल्या दोघी माझ्या ओळखीत आहेत. त्यांना महागडं इंजेक्शन कशाला? पण जिने ती औषधं घेऊन, सोसून, सोडून दिली आहेत, तिलाही पुन्हा पहिल्या पायरीवर उभं करतात. नवऱ्याने नोकरी बदलली की इन्शुरन्स बदलतो आणि जुन्या कंपनीकडची नोंद नव्या कंपनीच्या लेखी शून्य होते. एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावरची कित्येक कुटुंबं दर दोन-तीन वर्षांनी या चक्रातून जातात. अमेरिकन हेडेक सोसायटीने, म्हणजे डोकेदुखीच्या तज्ज्ञांच्या संघटनेने, मार्च 2024 मध्ये स्पष्ट लिहिलंय की सीजीआरपीवरची औषधं पहिल्यापासूनच देता येतात, आधी दुसरी औषधं फुकट गेलेली असण्याची अट नको. अनेक कंपन्यांच्या नियमांत ती अट अजून तशीच बसलेली आहे.

मलाही डॉक्टरांनी हेच इंजेक्शन लिहून दिलं होतं. त्याच्या नकाराचं पत्र गेल्या वर्षी फेब्रुवारीत आलं. कारण एका ओळीत होतं: दोन वेगवेगळ्या गटांतली औषधं पुरेसा काळ घेतल्याची नोंद नाही.

मी तर तीन घेतली होती! सांगलीच्या डॉक्टरांनी आधी फ्लुनारिझिन दिलं, मग प्रोप्रानोलॉल. प्रोप्रानोलॉलने माझं बीपी इतकं उतरलं की जिन्यात चक्कर येऊन पडले, तेव्हा त्यांनीच ते थांबवलं. इथे आल्यावर टोपिरामेट घेतलं. बोटांना मुंग्या आल्या, त्या सोसल्या. पण एक दिवस स्वयंपाक करताना मुलीला सांगायचं होतं, "फ्रिजमधली कोथिंबीर दे." आणि मला कोथिंबीर हा शब्द आठवेना. हिरवी जुडी डोळ्यांसमोर, वास नाकात, शब्द मात्र नाही. मी हाताने खुणा करत होते आणि ती घाबरून माझ्याकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये इंग्रजी शब्दांचं तेच झालं. शब्द न सापडणं हा टोपिरामेटचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. पाचव्या आठवड्यात मी ते बंद केलं.

आणि इन्शुरन्सच्या हिशेबात पाच आठवडे म्हणजे घेतलंच नाही. त्यांना आठ हवे होते.

पत्र वाचून मी रडले, मग ते ड्रॉवरमध्ये टाकलं. तीन आठवडे तिथेच पडून होतं. म्हणून मैत्रिणीला काय वाटलं असेल ते मला नीट कळतं. आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं की छापील कागदावर शिक्का असला की विषय संपला. शिवाय व्हिसावर असलं की मनात एक सतत भीती असते, उगाच कुठे तक्रार नको. तर नीट ऐका. इन्शुरन्सकडे अपील करण्याचा आणि व्हिसाचा काडीचाही संबंध नाही. अपील केलं म्हणून तुमच्या ऑफिसने नोकरीवरून काढणं किंवा त्रास देणं हे 1974 च्या एरिसा (नोकरीतून मिळणाऱ्या विमा-पेन्शनच्या) कायद्याने बेकायदेशीर आहे.

ड्रॉवरमधून ते पत्र बाहेर काढलं ते एक आकडा वाचून. लोक स्वतः विमा विकत घेतात त्या सरकारी मार्केटप्लेसवरच्या विमा कंपन्यांनी 2023 मध्ये नेटवर्कमधले 19 टक्के क्लेम नाकारले, आणि त्यातल्या 1 टक्क्याहूनही कमी नकारांवर लोकांनी अपील केलं. ज्यांनी केलं त्यांच्यापैकी 44 टक्के प्रकरणांत कंपनीने स्वतःचाच निर्णय फिरवला. हे सगळ्या आजारांचे आकडे आहेत, फक्त मायग्रेनचे नाहीत. ज्यांचे आईवडील इथे मेडिकेअर ॲडव्हांटेजवर (ज्येष्ठांचा सरकारी विमा, पण खासगी कंपनीमार्फत) आहेत त्यांच्यासाठी आणखी एक: तिथे त्याच वर्षी नाकारलेल्या पूर्वपरवानग्यांपैकी जेमतेम 12 टक्क्यांवर अपील झालं, आणि त्यातल्या 80 टक्क्यांहून जास्त नकार पूर्ण किंवा अंशतः बदलले. म्हणजे लोक गप्प बसतात यावरच हा सगळा कारभार चाललाय. मला याचा मनापासून राग येतो.

मग मी काय केलं ते सांगते.

पहिला फोन इन्शुरन्सला. माझा क्लेम ज्या निकषांवर नाकारला ते निकष आणि माझी पूर्ण फाइल मागितली. ती फुकट देणं त्यांना बंधनकारक आहे. प्रत्येक फोनचा रेफरन्स नंबर, तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव वहीत लिहिलं. फाइल आली आणि माझे डोळे उघडले. डॉक्टरांच्या ऑफिसने फॉर्मवर टोपिरामेटपुढे फक्त "घेतलं" अशी खूण केली होती. का सोडलं, काय त्रास झाला, एक अक्षर नाही. सांगलीचा तर उल्लेखच नाही. त्यांच्या निकषांत स्वच्छ लिहिलं होतं की दुष्परिणामांमुळे औषध बंद करावं लागलं तर आठ आठवड्यांची अट लागत नाही. म्हणजे निम्मा नकार आमच्याच अर्धवट फॉर्ममुळे आला होता. तुमचा डॉक्टर कितीही चांगला असो, त्याच्या ऑफिसने नेमकं काय लिहून पाठवलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

डॉक्टरांनी नवं पत्र लिहिलं. मी माझं जोडलं: तीन महिन्यांची डोकेदुखीची डायरी, ऑफिसला न गेलेले दिवस, दुखायला लागल्यावर घ्यायच्या सुमाट्रिप्टानच्या महिन्याच्या नऊ गोळ्या संपल्यावरचे दिवस. त्या गोळ्या महिन्यात दहा किंवा जास्त दिवस घेतल्या तर त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागू शकतं, तेव्हा त्या वाढवून मागणं हा मार्ग नव्हताच. कोथिंबिरीचा प्रसंग जसाच्या तसा लिहिला. आधी लाज वाटत होती, नवरा म्हणाला, लिही.

पहिलं अपील फेटाळलं. या वेळी टोपिरामेट मान्य केलं, पण दुसरं औषध हवं म्हणाले. फ्लुनारिझिन इथे मंजूरच नाही, त्यामुळे ते धरलं नाही. आणि प्रोप्रानोलॉलचा पुरावा नाही.

पुरावा सांगलीत होता. आईने माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली आणि माझ्या लग्नाच्या आहेराच्या याद्यांखालून 2012 ची फाइल काढली. प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर, माझं बीपी आणि त्यांच्या वळणदार अक्षरात प्रोप्रानोलॉल बंद करण्याची सूचना. आईने खिडकीच्या उजेडात धरून फोटो काढले, कोपऱ्यात तिचा अंगठा दिसतोय. ते फोटो मी प्रिंट करून जोडले.

कंपनीच्या आतलं अपील हरलं की बाहेरच्या तज्ज्ञाकडे जाता येतं, त्याला एक्सटर्नल रिव्ह्यू म्हणतात. 2010 च्या आरोग्य कायद्याने हा हक्क दिलाय. तुमचा प्लॅन मालकाच्या पैशावर चालणारा, म्हणजे सेल्फ-फंडेड असला तरी तो मिळतो. तिथला निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. शेवटच्या नकारानंतर चार महिन्यांत अर्ज करायचा, आणि साध्या प्रकरणात 45 दिवसांत निकाल येतो. पहिल्या अपिलाला मात्र नकार मिळाल्यापासून 180 दिवस असतात. नोकरीतून मिळालेल्या विम्याबद्दल काही अडलं तर अमेरिकन कामगार खात्याचं ईबीएसए कार्यालय फोनवर फुकट मदत करतं. मी दोनदा केला. दोन्ही वेळा माणसाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

माझा निकाल 38 व्या दिवशी आला. नकार रद्द, औषध एक वर्षासाठी मंजूर.

इंजेक्शन सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. मला पडलं. सतरा दिवसांचे पाच झाले. शून्य नाही, पाच. गेल्या महिन्यात मी मुलीच्या शाळेच्या नाटकाला बसले, स्टेजच्या दिव्यांसमोर, शेवटपर्यंत.

इथल्या वैद्यकीय कागदांत लिहितात, पेशंट अमुक औषधात "फेल" झाली. माझ्या फाइलमध्ये तीन ठिकाणी असं आहे. बाईने औषध घेतलं, चक्कर येऊन पडली, शब्द विसरली, तरी नापास तीच. मी दोन्ही पत्रांत मुद्दाम उलटं लिहिलं, की औषध मला लागू पडलं नाही. तुम्हीही तसंच लिहा.

माझी मंजुरी वर्ष भरलं की संपते. तेव्हा पुन्हा फॉर्म, पुन्हा डायरी. पेटीतली फाइल आईने या वेळी खालीच ठेवलीय.

मैत्रिणीला काल फोन केला. तिचं पत्र नोव्हेंबरचं आहे, तिच्याकडे अजून सात आठवडे आहेत. रविवारी ती सगळे कागद घेऊन माझ्याकडे येतेय. आणखी कोणाला माझ्या अपिलाच्या पत्राचा नमुना हवा असेल तर मेसेज करा, नावं काढून पाठवते. त्याआधी तुमच्या पत्रावरची तारीख बघून ठेवा.