रिपोर्ट नॉर्मल आहेत

माझ्या पोटाचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. रक्त तपासून झाले, सोनोग्राफी झाली, घशातून दुर्बीणही उतरवून झाली. वजन घटणे, शौचावाटे रक्त जाणे, रक्तक्षय यांपैकी धोक्याचे एकही लक्षण नाही याची खात्री पटल्यावर डॉक्टर ज्या आनंदाने "तुम्हाला काही झालेले नाही" म्हणाले, तो आनंद जेवणानंतर नगाऱ्यासारखे फुगणारे पोट बाळगणाऱ्या माणसाला काही वाटून घेता येईना. आतड्याला स्वतःचे मज्जातंतूंचे जाळे असते, मेंदूशी त्याचे बोलणे अखंड चालू असते आणि त्या बोलण्यात बिघाड झाला की धडधाकट आतडेही दुखते, फुगते, कधी अडते तर कधी धावत सुटते, असे त्यांनी मग समजावले. याचे नाव आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. जोडीला छातीतली जळजळ होतीच. गोळ्या लागतील तेव्हा देऊ, आधी राहणी बदला, असे सांगून त्यांनी एक छापील कागद माझ्या हाती ठेवला.

औषधाविना पोट बरे करण्याचा परवाना आपल्याकडे प्रत्येकाला जन्मतःच मिळालेला असतो. कागदाची घडी उलगडण्याआधीच ओवा, तांब्याच्या भांड्यातले पाणी आणि वज्रासन असे तीन उपचार तीन दिशांनी येऊन पोहोचले. वज्रासन जेवल्यावर करायचे असते हे खरे. पण पन्नाशी उलटलेले गुडघे दुमडून त्यात बसले की पोटाची आठवणही राहत नाही, आणि माझ्या मते त्याचा निम्मा गुण तेवढ्यातच असावा.

कागदावर पहिला मान इसबगोलाला होता. गव्हाच्या कोंड्याने अशा पोटात वायू वाढू शकतो, इसबगोलाचा पाण्यात फुगणारा मऊ तंतू मात्र बहुधा मानवतो. तो थोडा थोडा वाढवायचा, वर भरपूर पाणी प्यायचे आणि पेला हातात असताना कोणाचाही फोन घ्यायचा नाही, कारण बोलणे संपेपर्यंत आतले पेय पिण्याच्या पलीकडे गेलेले असते.

जळजळीसाठी पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सहा ते आठ इंचांचे ठोकळे ठेवायचे होते. नुसत्या उशा रचून भागत नाही, त्याने कंबरेत वाकणे होऊन पोटावर उलट दाबच येतो. ठोकळे बसले, जळजळ कमी झाली. फक्त पहाटेपर्यंत आम्ही उभयता चादरीसह पायथ्याशी जमा होऊ लागलो. त्यातच डाव्या कुशीवर झोपण्याचे कलम निघाले. जठराचा बाक असा असतो की डाव्या कुशीवर आम्ल अन्ननलिकेच्या तोंडाच्या खालच्या पातळीत राहते. आमच्या पलंगाची मांडणी अशी की डाव्या कुशीवर वळलो की पत्नीकडे पाठ होते. "अहो, माझं काही चुकलं का?" हा प्रश्न मध्यरात्री आला, तेव्हा जठराची शरीररचना समजावण्यास ती वेळ फारशी अनुकूल नव्हती. रोज दुपारी वामकुक्षी घेणारे आमचे मामा मात्र हे ऐकून फुशारले. जेवणानंतर दोन-तीन तास आडवेच व्हायचे नाही, हे पुढचे कलम वाचून दाखवताच ते चहा न घेता उठून गेले.

मेंदू आणि आतडे यांच्यातला बिघडलेला संवाद सुधारण्यासाठी संमोहनाचाही उपाय आहे. १९८४ साली पोटविकारतज्ज्ञ पीटर व्हॉरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मँचेस्टरमध्ये त्याचा गुण दाखवून दिला होता. संमोहनाचे प्रशिक्षण घेतलेल्या आमच्या बाईंनी मला डोळे मिटायला लावले, पोटावर उबदार तळवा ठेवायला सांगितला आणि "संथ वाहणारी नदी डोळ्यांसमोर आणा" म्हणाल्या. मी पुण्याचा असल्यामुळे डोळ्यांसमोर ऐन उन्हाळ्यातली मुठा आली, जलपर्णीसकट आणि वासासकट. पोटाने त्या दृश्याला तत्काळ प्रतिसाद दिला. पुढच्या वेळी मी वाईच्या घाटावरची कृष्णा आणली आणि मग खरोखरच बरे वाटू लागले.

खरी कसोटी होती लो-फॉडमॅप आहाराची. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी तो रचला. फॉडमॅप गटातल्या काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, पाणी ओढून घेतात आणि मोठ्या आतड्यात जिवाणूंकडून आंबवल्या जाऊन वायू करतात. म्हणून दोन ते सहा आठवडे त्या बंद करायच्या. यादीत कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध, सफरचंद आणि आंबा. "मग फोडणी कशाला घालू?" पत्नीने विचारले. आईला मात्र काहीच नवल वाटले नाही. कांदेनवमीला भजी खाऊन आषाढी एकादशीपासून चार महिने कांदा-लसूण बंद करणाऱ्या घरात ती वाढलेली. "चातुर्मास पाळतोयस म्हण की," एवढे बोलून तिने ज्वारीच्या भाकऱ्या थापायला घेतल्या. लसणीच्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या तर स्वाद उतरतो आणि त्रासदायक शर्करा पाकळीतच राहते, कारण ती पाण्यात विरघळते, तेलात नाही, हे मी सांगितले तेव्हा मात्र ती मेलबर्नकरांबद्दल जरा आदराने बोलली. साबुदाणा, वरी, बटाटा आणि दाणे हे सारे बेताच्या प्रमाणात चालते, हे कळल्यावर तर घरात एकादशीचे प्रमाण वाढले. खिचडीतल्या तुपाने जळजळ परत आली, तो भाग वेगळा.

हा आहार कायमचा पाळायचा नसतो, कारण आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचीही त्यात उपासमार होते. म्हणून पुढे एकेक पदार्थ वाढत्या प्रमाणात तीन दिवस खाऊन त्याची चौकशी करायची. चौकशीत लसूण दोषी ठरली, कांदा थोडक्या प्रमाणात सुटला, गव्हाला दोन पोळ्यांपर्यंत जामीन मिळाला. आंब्याची पाळी मेमध्ये आली. पहिल्या दिवशी एक फोड, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी अर्धा हापूस, अशी चाचणी मी काटेकोरपणे पार पाडली. पोट किंचित फुगले, पण ते आंब्याने की त्या दिवशीच्या उकाड्याने, हे ठरवता येईना. "आंबा बाधला तर दोष तुझ्या पोटाचा, आंब्याचा नाही," असा निकाल आईने देऊन टाकला आहे. मला तो शास्त्रीय वाटत नाही. त्यामुळे स्पष्ट निष्कर्ष हाती येईपर्यंत चाचणी पुन्हा पुन्हा घेणे मला भाग आहे, आणि त्यासाठी आणखी एक पेटी मागवली आहे.