टक्केवारी हिरवी, बाळंतपण अंधारात

बाळंतपणाच्या खोलीतला इन्व्हर्टर ऑगस्टात बंद पडला. आमच्या बीड जिल्ह्यात लाईटीचं काय असतं ते सांगायला नको. सिस्टर मोबाईलच्या टॉर्चवर बाळंतपणं करतात आणि मला विचारतात, "भाऊ, पैसे आले का?" मी कंत्राटी लेखापाल, काय सांगू? प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती, देखभाल आणि अबंधित (म्हणजे गरजेप्रमाणे खर्चायचा) निधी मिळून वर्षाला १ लाख ७५ हजार. कागदावर! खात्यात शिल्लक शून्य, वरून लिमिट, म्हणजे खर्चाची मर्यादा, सुटलं तरच खर्च. ते सुटलं २६ मार्चला. ३१ ला परत जाणार.

मग वरून फोनवर फोन. "तुमचा तालुका लाल दिसतोय, खर्चाची टक्केवारी वाढवा." अरे, सात महिने काय झोपला होतात का? पाच दिवसांत तीन कोटेशनं, समितीची बैठक, इतिवृत्त, साठा नोंदवही, आणि पीएफएमएस, म्हणजे पैसे द्यायची सरकारी ऑनलाइन प्रणाली, तर मार्चात देवाच्या भरवशावर. बैठक झाली म्हणायची आन् सह्या घरोघर फिरून आणायच्या. (आणल्या मी. ११ महिन्यांची ऑर्डर आहे माझी, नाही कसं म्हणू?) इन्व्हर्टरवाला म्हणाला, आठ दिवस लागतील. मग पडदे घेतले, खुर्च्या घेतल्या, रजिस्टरं घेतली. खर्च १०० टक्के. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत. ग्रुपवर अंगठेच अंगठे.

ऑडिटवाले आले. रबरी शिक्क्याच्या ३४० रुपयांच्या बिलावर तारीख नाही म्हणून अर्धा तास. आक्षेप लिहून गेले. इन्व्हर्टर काहून नाही, हे एकानंबी विचारलं नाही. त्याला रकाना नाही ना!

रकान्यावरून आठवलं, जननी सुरक्षा योजना, दवाखान्यात बाळंत झालेल्या गरीब बाईला पैसे द्यायची. ७०० रुपये, निस्ते ७००. एक बाई सप्टेंबरात बाळंत झाली आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन कोल्हापूरकडं गेली. खात्याला आधार जोडलेलं नाही, पैसे परत. अहवालात 'प्रलंबित लाभार्थी १', आणि खुलासा कोणाला? मला. उसाच्या फडात जाऊन तिचा अंगठा घेऊ का?

परवा आली ती, पोरगं कडेवर. सात महिन्यांचं झालंय. म्हणाली, "साहेब, माजे सातशे?" मी म्हणालो, आधी बँकेत जा. ती म्हणाली, बँकवाल्यानं तुमच्याकडं धाडलंय.