एसीएल तुटलं म्हणून आठ दिवसांत ऑपरेशन? थोडं थांबा

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं लिगामेंट, म्हणजे चिवट पट्टा. कबड्डीच्या पोरांच्या ग्रुपवर त्याबद्दल एक मेसेज फिरतोय: 'गुडघ्याचं लिगामेंट तुटलं की आठ दिवसांत ऑपरेशन करा. उशीर झाला तर गुडघा कायमचा जातो. ऑपरेशननंतर सहा महिन्यांत खेळाडू मैदानात.' तो वाचून घरचे घाबरतात आणि उसनवारी करून तारीख घेतात, म्हणून एकेक वाक्य तपासू.

आठ दिवसांत गुडघ्याची अवस्था काय असते? आत रक्त साठलेलं, वर सूज, पाय पूर्ण सरळ होत नाही. मांडी आवळ म्हटलं तरी वाटी वर सरकत नाही, इतका पुढचा स्नायू बंद पडलेला असतो. अशा गुडघ्यात नवं लिगामेंट बसवलं तर तो आखडण्याची भीती मोठी. अमेरिकेतले सर्जन शेलबर्न यांनी १९९१ सालीच दाखवलं होतं, की पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालेल्यांचे गुडघे तीन आठवडे थांबलेल्यांपेक्षा जास्त आखडले. आता तंत्र सुधारलंय, काही सर्जन निवडक रुग्णांचं लवकरही करतात. पण बघायचा तो गुडघा, कॅलेंडर नव्हे. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा दुसऱ्या पायाइतका सरळ होऊ द्या, सूज उतरू द्या, पाय सरळ ठेवून उचलता येऊ द्या. हे आठवडे वाया जात नाहीत. ऑपरेशनआधी मांडीत जितकी ताकद, तितका पुढचा रस्ता सोपा.

'उशीर झाला तर गुडघा जातो' यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर चाचणी झाली. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं, आणि तिथे 'लवकर' म्हणजे दहा आठवड्यांच्या आत. बाकीच्यांना आधी व्यायाम, गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनीही दोन्ही गटांच्या गुडघ्यांत रुग्णांना जाणवणारा फरक नव्हता, आणि दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना पाच वर्षांत ऑपरेशन लागलंच नाही.

मात्र व्यायाम करूनही वळताना, जिना उतरताना गुडघा निसटत असेल तर वर्षानुवर्षं तसंच खेळू नका. प्रत्येक निसटण्यात गादी, म्हणजे गुडघ्याच्या दोन हाडांमधली कूर्चेची चकती, फाटू शकते. ब्रिटनमधल्या २०२२ च्या चाचणीत अशा जुन्या, निसटणाऱ्या गुडघ्यांना ऑपरेशनचाच जास्त फायदा झाला. आणि गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल, तर गादीचा तुकडा आत अडकलेला असू शकतो. तिथे अजिबात थांबू नका, लगेच सर्जनला दाखवा.

सर्वांत घातक वाक्य शेवटचं, 'सहा महिन्यांत मैदानात'. बसवलेलं लिगामेंट म्हणजे बहुतेक वेळा रुग्णाच्याच पायातून काढलेली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी. ती आत रुजताना पहिले काही महिने उलट कमकुवत होते. दुखणं मात्र त्याआधीच थांबतं, आणि चौथ्या महिन्यात पोरगं पळायला लागतं. २०१६ च्या एका अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं जितकं लांबवलं, तितकी दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीची शक्यता निम्म्यावर आली. तेव्हा नऊ महिन्यांआधी रेड नाही. नऊ झाल्यावरही एका पायावर उडी आणि मांडीची ताकद मोजून घ्या. दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के भरली नाही, तर प्रशिक्षक कितीही मागे लागले तरी अजून थांबा.